खुन्याची सोबत

फराळाचे ताट पुढे असताना खुनाच्या गोष्टी वाचाव्यात काय, असा प्रश्न सोवळी मंडळी दर दिवाळीला विचारतात. वाचाव्यात की नाही कोण जाणे, वाचल्या जातात एवढे खरे. आमच्या राजुरात चुनाभट्टीवरचा किंवा कोळसाखाणीवरचा माणूस पुस्तक मागायला येतो तो बहुधा "एखादं खुनाचं द्या" म्हणूनच. मुंगीलाही न दुखवणाऱ्या या माणसांना दुष्टाची संगत का हवीशी वाटावी?

बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारावर रहस्यकथा लिहून ही भूक भागवली. पण त्यांचा झुंजार काय, काळा पहाड काय, कायद्याबाहेरचे असले तरी मनाने उमदे. त्यांच्या मागून जाताना वाचकाच्या धोतराला चिखल लागत नाही. थरार पदरात पडतो, पापाचा वाटा मात्र येत नाही, सौदा स्वस्तातला. तरी त्यांनी कित्येकांच्या हाती पहिले पुस्तक दिले, हे उपकार थोडे नव्हेत.

खरी कसोटी लागते ती निजामाच्या चाकरीतल्या फिलिप मेडोज टेलरच्या 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' (१८३९) या कादंबरीत. तिचा नायक अमीर अली ७१९ खुनांचा धनी, आणि ते सारे तो अदबीने, काहीशा अभिमानाने सांगतो. बायकोमुलीवर त्याचा जीव आहे. एखाद्या सावकाराशी गोड गप्पा मारीत तो वाट चालतो, आणि रुमाल आवळण्याची खूण केव्हा होते याची आपण वाट पाहू लागतो. मरणाऱ्याची नव्हे, मारणाऱ्याची काळजी आपल्याला लागलेली असते! आपण सख्ख्या बहिणीचाच जीव घेतला हे त्याला पुढे कळते, तेव्हा कुठे इतका वेळ बिनचेहऱ्याचे राहिलेले वाटसरू कुणाचे तरी भाऊबहीण होऊन समोर उभे राहतात. (कंपनी सरकारची थोरवी गाण्याचा भाग मला फिका वाटतो, साहेबाला तो टाळवला नसावा.)

तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' (१९७२) याच वाटेवरचा. सखारामच्या शिवराळ रोखठोकपणावर प्रेक्षक खूष होतो, हसतो. आणि तोच चंपाचा गळा दाबतो. मग देवभोळी लक्ष्मी प्रेत पुरायच्या उद्योगाला लागते. गळा आवळणे आणि पुरणे ही ठगांचीच रीत, फक्त घरातल्या घरात. मला तर अमीर अलीपेक्षा ही लक्ष्मी भयंकर वाटते.

आजकालच्या रक्ताळ कथांपैकी पुष्कळ मी अर्ध्यावर मिटतो, पण रक्तामुळे नव्हे. प्रेत पहिल्या पानावर पडते आणि मेला तो कोण होता, हे शेवटपर्यंत कुणी विचारीत नाही. नायक दारुडा आणि उर्मट केला की कथा वास्तव झाली, अशी लेखकाची समजूत!

वरच्या वर्गातल्या मुलांना मी अमीर अलीची गोष्ट सांगतो. पालक कुरकुरतात. परवा सारे पोर रुमालाची गाठ कशी मारतात ते विचारीत असता मागच्या बाकावरचा एक उठला नि म्हणाला, "गुरुजी, त्या सावकाराच्या घरी मंग कोनं सांगतलं?"