आज्ञा आणि निष्ठा : पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार

तुंगा आणि भद्रा या नद्यांचा उगम असलेले गंगामूळचे अरण्य जुन्या म्हैसूर राज्याच्या पश्चिम कडेला आहे. १८५८ साली पंडिता रमाबाईंचा जन्म तेथेच झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला, आणि आईने मुलीला तीच विद्या दिली. धर्मसत्तेने आखलेली मर्यादा आणि धर्मनिष्ठा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा बोध रमाबाईंना अशा रीतीने घरातच मिळाला. पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या अंतर्भागात त्यांना जो संघर्ष करावा लागला, त्याचे मूळ या वारशात शोधावे लागते.

या संघर्षाचा प्रमुख दस्तऐवज म्हणजे रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार. सिस्टर जेराल्डाइन यांनी तो संकलित केला आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. या ग्रंथाची घडणच लक्षणीय आहे. ज्या व्यक्तीशी रमाबाईंचा तीव्र वाद झाला, तिनेच ही पत्रे जपली, क्रमाने लावली आणि त्यांना प्रास्ताविक जोडले. त्यामुळे वाचकाला रमाबाईंचा शब्द प्रतिपक्षाच्या हातून मिळतो. प्रास्ताविकाचा सूर पुष्कळसा आत्मसमर्थनाचा आहे. तरीही रमाबाईंची प्रखर उत्तरे जेराल्डाइन यांनी दडवून ठेवली नाहीत, ही नोंद न्यायबुद्धीने केली पाहिजे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांचे अध्ययन आणि अध्यापन सुरू झाले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना पुढे येताच मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात त्याचा विपरीत परिणाम होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. रमाबाईंनी हिंदुस्थानात पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिली होती. ज्या समाजाच्या नावाने हा निर्बंध घातला जात होता, त्या समाजातच त्यांनी तो ओलांडला होता. त्यांच्या उत्तरातील उपरोध या विसंगतीतून येतो.

वादाचे विषय वरवर पाहता लहानमोठे आहेत: शाकाहार, क्रूसावरील लॅटिन अक्षरे, त्रैक्याचा सिद्धान्त, मनोरमेचे धर्मशिक्षण. परंतु प्रत्येक वेळी प्रश्न एकच उभा राहतो. परमेश्वराची आज्ञा कोणती आणि तिच्या नावाने बोलणाऱ्या अधिकाऱ्यांची आज्ञा कोणती? क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत, हा रमाबाईंचा आग्रह निव्वळ भाषाभिमानातून आलेला नाही. ख्रिस्ताचा स्वीकार करणे म्हणजे इंग्रजांच्या चर्चच्या साऱ्या सवयी स्वीकारणे नव्हे, हा विचार त्यामागे आहे. पुरोहितवर्गाचे एक जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर तसेच दुसरे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. जेराल्डाइन यांना या भूमिकेत गर्व दिसला. आज्ञापालन हाच ज्या व्रतस्थ जीवनाचा कणा, त्या जीवनातून पाहणाऱ्या स्त्रीला तसे दिसावे, यात अस्वाभाविक काही नाही.

या पत्रांचे वाङ्मयीन सामर्थ्य केवळ युक्तिवादात शोधले, तर त्यांचा अर्धाच आशय हाती लागतो. बिशपांच्या अधिकाराला नकार देणाऱ्या रमाबाई जेराल्डाइन यांना मात्र ‘आजीबाई’ म्हणतात. हे मराठी संबोधन इंग्रजी पत्रांत वावरते आणि वादाला घरगुती उष्णता देते. मतभेद कितीही टोकाला गेला तरी नाते तोडायचे नाही, हा निश्चय या एका शब्दात सामावलेला आहे. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्यानंतर मनोरमेला काही काळ वाँटेजला जेराल्डाइन यांच्याच छायेत ठेवण्याचा निर्णय रमाबाईंनी घेतला. जिच्या धर्ममतांशी पटत नाही तिच्या हाती स्वतःचे मूल सोपविणे, याहून मोठा विश्वास कोणता?

अर्थात या सौजन्याला मवाळपणा समजणे चूक ठरेल. रमाबाईंची पत्रे कधी बोचरी होतात, कधी समोरच्याच्या भावनेची पर्वा न करता तर्क शेवटपर्यंत नेतात. कृतज्ञता आणि नकार एकाच परिच्छेदात नांदतात. उपकारांची जाणीव त्या वारंवार व्यक्त करतात. मात्र उपकारांची परतफेड सदसद्विवेक गहाण टाकून करण्याचे नाकारतात. या दोन्हींच्या ताणातून त्यांच्या शैलीला धार येते.

पुढील आयुष्याने या भूमिकेची कसोटी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले; पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. धर्मप्रचार पुरेसा नाही, म्हणून काही मिशनरी नाराज होते. ख्रिस्तीकरण होते, असा आक्षेप घेत १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार दूर झाले. केडगावचे मुक्ती सदनही कोणत्याही एका पंथाच्या अधीन नव्हते. मराठी ख्रिस्ती परंपरेत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यातही हीच प्रेरणा दिसते. मात्र टिळकांपाशी मराठी कवितेचा आणि समानशील मंडळींचा आधार होता. वाँटेजच्या रमाबाई परभाषेत, परदेशी आणि एकाकी होत्या.

अखेरची अनेक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. १९२१ मध्ये मनोरमा आणि ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाई निवर्तल्या. ज्या चर्चच्या अधिकाऱ्यांना त्या एकेकाळी दुर्विनीत वाटल्या, त्याच चर्च ऑफ इंग्लंडच्या स्मरणदिनांच्या पंचांगात आज ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या नावे आहे आणि तेथे त्यांची ओळख धर्मग्रंथाच्या भाषांतरकार अशी दिली आहे. संस्थेने दिलेला हा मान यथोचितच आहे. परंतु या स्मरणात शास्त्रवचनांचे भाषांतर करणाऱ्या रमाबाई येतात. आज्ञेला प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई पत्रांतच राहतात. दोघी एकच आहेत, हे ज्याला उमगावे असे वाटते त्याने हा पत्रव्यवहार उघडला पाहिजे.