'सलाम बॉम्बे'मधील नामव्यवस्था

मीरा नायर यांनी दिग्दर्शित केलेल्या व सूनी तारापोरवाला यांची पटकथा लाभलेल्या 'सलाम बॉम्बे' (१९८८) या हिंदी चित्रपटाची चर्चा बहुधा वास्तवदर्शनाच्या अंगानेच होते. रस्त्यावरील मुलांकडूनच भूमिका करवून घेतल्या असल्याने ते स्वाभाविक होय. तथापि बेघर मुलांची भटकंती आणि व्यसन यांचा परस्परसंबंध या कृतीत कसा सिद्ध होतो, हे पाहावयाचे तर तिच्यातील नावांकडे वळावे लागते.

घरी परतण्यासाठी कृष्णाला पाचशे रुपये हवे आहेत. ज्या सर्कशीत तो काम करतो, ती त्याला मागे टाकून निघून जाते; आगगाडी त्याला मुंबईत आणते; ग्रँट रोड परिसरात चहा पोहोचविता पोहोचविता तो 'चायपाव' होतो. पुढे पोलीस त्याला सुधारगृहात धाडतात व तेथून तो पळतो. शासनाने दिलेला निवाराही अशा रीतीने आणखी एक स्थलांतरच ठरतो. प्रत्येक मुक्कामागणिक जुने संबंध तुटत जातात. आईसाठी तो पत्र लिहवून घेतो खरा. परंतु त्यावर घालावयाचा पुरता पत्ता त्याला सांगता येत नाही.

या तुटलेपणात त्याला आधार उरतो तो 'चिलीम'चा. बाबासाठी गर्द विकणारा आणि स्वतःही त्याच्या आहारी गेलेला हा तरुण व्यसनाच्या साधनाच्या नावानेच ओळखला जातो. बाबा त्याला कामावरून काढतो. त्याच्या शुश्रूषेपायी चायपावची नोकरी जाते. आणि चायपावने साठविलेले पैसे चिलीमच गर्दासाठी चोरतो व त्यातच मरतो. यास केवळ मित्रद्रोह म्हणणे अपुरे आहे. ज्याला दार नाही, त्याच्या बचतीला कुलूप नसते. बेघरपणामुळे ती बचत व्यसनाच्या हाती लागते, आणि व्यसनामुळे घराची वाट बंद होते. दोहोंपैकी कारण कोणते आणि कार्य कोणते, हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो.

चिलीमच्या मृत्यूनंतर त्याच्या जागी नवा मुलगा येतो आणि त्यालाही 'चिलीम' हेच नाव मिळते. येथे विशेषनामाचे पदनाम झालेले दिसते. व्यक्ती नष्ट झाली तरी पद रिकामे राहत नाही, हा या चित्रपटातील सर्वांत कठोर विचार होय.

नेमक्या याच विचाराला शेवट पुरता जागत नाही. चायपावच्या हातून बाबाचा वध घडतो आणि प्रेक्षकाला न्यायाचे समाधान लाभते. परंतु 'चिलीम' जर पद असेल, तर 'बाबा'ही पदच आहे. त्या जागीही दुसरा येणारच. खलपुरुषाच्या मृत्यूने व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी जातो. सुदैवाने चित्रपट वधापाशी संपत नाही. गणेशोत्सवाच्या गर्दीतून वेगळा होऊन एकटाच बसलेला चायपाव तो समाधान हिरावून घेतो. त्याची भटकंती संपलेली नाही, आणि 'कृष्णा' या नावाने हाक मारणारे त्याच्याजवळ कोणी नाही.