तेरा तुकडे आणि माझं तांबं

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एक पेपर वाचा. तुमचा विषय फिजिक्स असो की बॉटनी, वाचाच. पेपर आहे १८८२ चा, पंडित भगवानलाल इंद्रजींचा, सोपाऱ्याच्या स्तूपाच्या उत्खननावर. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये तो आला होता. त्यातला सगळ्यात गाजलेला निष्कर्ष मला पटत नाही. तरी वाचा म्हणतेय, कारण तो पटत नाही हे सांगायला लागणारी बरीचशी सामग्री भगवानलालांनीच आपल्या हातात ठेवलीय.

मी केमिस्ट्रीवाली, द्राक्षबागांच्या मातीवर काम करते. या पेपरपर्यंत पोचले ती घराजवळच्या डोंगरामुळे. इंदिरानगरात राहणाऱ्याला पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी लेणी, काही लांब नाही. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. आपण कुठेकुठे धर्मशाळा बांधल्या ते तो सांगतो: भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग. गोवर्धन म्हणजे आपलं नाशिककडचं, आणि शोर्पारग म्हणजे सोपारा. विसाव्या लेण्यात यज्ञ सातकर्णीच्या सातव्या राज्यवर्षाचा लेख आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका रविवारी नाशिकरोडहून गाडी पकडून नालासोपाऱ्याला गेले. पश्चिमेला, वस्तीच्या मधोमध, झाडांच्या सावलीत विटांचा स्तूप आहे. पूर्वी लोक या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. आत आता काही नाही. सापडलेल्या वस्तू मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे आहेत. तरी माणसं येतात, पांढऱ्या साड्या नेसून बायका येतात, प्रदक्षिणा घालतात. मी एका आजींना विचारलं, की पात्र इथं नाही हे माहीत आहे ना? त्या म्हणाल्या, “डबा गेला मुंबईला, बाळा. जागा कुठं गेली?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्नच जरा आगाऊ होता.

आता पेपरकडे. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलालांनी टेकाडाच्या मध्यभागापर्यंत खणलं. विटांच्या बांधकामात एक गोल दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बसलेल्या बुद्धाच्या आठ ब्राँझ मूर्ती. तांब्यात चांदीचा, चांदीत दगडाचा, दगडात स्फटिकाचा, स्फटिकात सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा छोटे तुकडे. शिवाय सोन्याची फुलं, आणि यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं.

भगवानलालांचा निष्कर्ष असा, की हे तुकडे गौतम बुद्धाच्या भिक्षापात्राचे. बौद्ध परंपरेत अशा वस्तूला परिभोगिक धातू म्हणतात, म्हणजे बुद्धाने स्वतः वापरलेली वस्तू. (केमिस्ट्रीवाल्यांनी दचकू नये, इथे ‘धातू’ म्हणजे पवित्र अवशेष.) त्यांना आधार होता तो पूर्णाच्या कथेचा. पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी, पुढे भिक्खू झाला, त्याने चंदनाचा विहार बांधला आणि बुद्ध तिथे आले, असं दिव्यावदानात आहे.

निष्कर्ष कुठे डळमळतो बघा. एक तर नाणं. यज्ञ सातकर्णी साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. नाणं पेटीची सगळ्यात अलीकडची तारीख सांगत नाही, सगळ्यात आधीची सांगते: त्याच्याआधी ते आत जाऊच शकत नाही. म्हणजे बुद्ध आणि ही पेटी यांच्यात किमान पाच-सहा शतकांची पोकळी, आणि एवढा काळ ते तुकडे कुठे होते याचा एकही दुवा नाही. मूर्ती तर शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे स्तूप पुन्हा उघडून त्या ठेवल्या असणार. एकाच पेटीतल्या वस्तू एकाच दिवशी आत गेल्या असं धरून चालायचं नाही. तुमच्या फ्रीजरमधल्या सॅम्पल्सनाही हे लागू आहे.

दुसरं, विनयपिटकातल्या महावग्गात चार लोकपाल बुद्धाला चार दगडी पात्रं देतात. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियानने बुद्धाचं पात्र पुरुषपुरात, आजच्या पेशावरात, पाहिल्याचं लिहिलंय. मातीचं पात्र भिक्खूंना चालायचं, त्यामुळे सोपाऱ्याचं अशक्य नाही. पण कथेचाच आधार घ्यायचा तर सगळ्या कथा घ्याव्या लागतात, सोयीची एकच नाही.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, मग टेस्ट करा ना! थर्मोल्युमिनसन्सने भांडं कधी भाजलं ते काढता येतं. येतं, पण त्यासाठी तुकडा थोडा खरवडावा लागतो. समजा काळ बुद्धाचाच निघाला, तरी पात्र कुणाचं ते मशीन सांगणार नाही. काळ चुकीचा निघाला तर मात्र दावा मोडेल. ही एकतर्फी चाचणी आहे, आणि कुठलंही इन्स्ट्रुमेंट बुक करण्याआधी ती तशी आहे का हे कागदावर मांडून बघावं.

मग पेपर चांगला का? कारण काय सापडलं, कशात सापडलं, कशाच्या आत काय होतं, हे त्यात क्रमाने आहे. मातीचे तुकडे हे आधी ‘मातीचे तुकडे’ आहेत, नंतर ‘पात्र’. भगवानलालांनी थेट ‘सोन्याच्या करंडकात बुद्धाचं पात्र मिळालं’ एवढंच लिहून नाणं बाजूला टाकलं असतं, तर आज आपण त्यांच्याशी भांडूही शकलो नसतो.

मी नेमकं तेच केलं होतं. पहिल्या प्रोग्रेस रिपोर्टमध्ये माझ्या तक्त्याचं शीर्षक होतं, ‘बोर्डो मिश्रणामुळे मातीत साठलेलं तांबं’. मोजलं होतं फक्त तांबं. बोर्डोत मोरचूद असतं, बागेत वर्षानुवर्षं फवारणी झालेली, त्यामुळे तांबं तिथूनच आलं हे मला इतकं उघड वाटलं की निष्कर्ष शीर्षकातच बसला. गाइडनी ‘मुळे’खाली लाल रेघ मारून एवढंच विचारलं, “आणि बेसाल्टमध्ये तांबं नसतं का?” असतं. आपली काळी माती बेसाल्टचीच. शेजारच्या न फवारलेल्या जमिनीचं एकही सॅम्पल माझ्याकडे नव्हतं. आठ महिन्यांचं काम, आणि तुलनेला काहीच नाही.

सोपाऱ्याहून परतताना गाडीत तक्त्याचं शीर्षक बदललं: ‘मातीतील एकूण तांबं’. पुढच्या आठवड्यात बांधापलीकडच्या पडीक जमिनीत खणायला गेले. मालक काका लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, “ताई, इथं तर काहीच पिकत नाही, इथली माती कशाला?”