ह्यूगोचें गटार

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' (१८६२) या कादंबरीची संक्षिप्त आवृत्ति कोणीं काढावयास घेतली कीं, त्याची कात्री बहुधा एका ठराविक जागीं पडते. पांचव्या भागांत, जून १८३२ मधील बंड मोडलें जात असतां, जाँ व्हालजाँ हा जखमी मारियुसला घेऊन पॅरिसच्या गटारांत उतरतो. आतां पुढें काय होणार, या चिंतेंत वाचक असतांना ग्रंथकार कथानक तेथेंच टाकून देतो आणि सहा प्रकरणें गटाराचा इतिहास सांगत बसतो! ही कथेच्या गळ्यांतील धोंड आहे, असा आक्षेप आम्हीं अनेक रसिकांच्या तोंडून ऐकला आहे. आम्हांस तो मान्य नाहीं.

राजवाड्यांचा हिशेब ठेवणारे इतिहासकार पुष्कळ; कोणत्या राजवटीनें किती मीटर गटार बांधलें, हें मांडणारा कादंबरीकार विरळा. नेपोलियनचे ४,८०४, लुई फिलिपचे ८९,०२० असे आकडे देत ह्यूगो एकूण २,२६,६१० मीटरांवर येतो. आणि आउस्टर्लिट्झचा विजेता छत्री घेऊन हिंडणाऱ्या त्या सौम्य राजाच्या कितीतरी मागें पडतो. त्याचा खतासंबंधींचा युक्तिवादही असाच. आपला मैला समुद्राकडे सोडून पॅरिस दरवर्षीं अडीच कोटि फ्रँक पाण्यांत घालतें, हें म्हणणें विक्षिप्तपणाचें वाटेल खरें. परंतु दहा वर्षांच्या आंतच जेनव्हिलिए येथील शेतांस गटाराचें पाणी देण्यास आरंभ झाला.

ज्या मोठ्या गटारांतून व्हालजाँ वाट काढतो, तें तर मुळांत मेनिलमाँताँचा ओढा. शहर वाढलें, ओढ्यांत घाण पडूं लागली, अठराव्या शतकांत त्यास दगडी भिंती आल्या, मग वर कमान आली आणि वाहतें पाणी दिसेनासें झालें. काळोखांत व्हालजाँ उताराच्या बाजूनें चालत राहतो व सेन नदीचा कांठ गांठतो. त्याला वाट दाखवितो तो त्या बुजलेल्या ओढ्याचा जुना उतार. आधींचीं सहा प्रकरणें गाळलीं, तर हा सारा प्रवास साहसकथेंतल्या भुयारासारखा होऊन बसतो. तें भुयार कोठलेंही असूं शकेल.

या प्रकरणांचा नायक ब्रुनेसो. १८०५ सालीं तो गटारांच्या पाहणीस उतरला आणि हें काम सात वर्षें चाललें. ह्यूगोच्या कथनांत मंत्री सम्राटापाशीं त्याचा उल्लेख साम्राज्यांतील सर्वांत निधड्या छातीचा पुरुष म्हणून करतो. १८०० सालीं प्राणिबागेंतून पळालेल्या ओरांगउटानचा सांगाडा काय, क्रांतिकारक मारा याच्या कफनाची चिंधी काय, एकेक वस्तु ह्यूगो हातांत घेऊन दाखवितो. ती चिंधी लोकांनीं होती तेथेंच राहूं दिली, हें सांगतांना त्याची लेखणी हळुवार होते.

आमची तक्रार आहे ती येथेंच. ब्रुनेसोबरोबर वीस मजूर होते. पहिलीं वळणें ओलांडतात न ओलांडतात तोंच त्यांपैकीं आठ जणांनीं पुढें जाण्याचें नाकारलें. ह्यूगो हें एका वाक्यांत सांगतो आणि निघून जातो. ब्रुनेसोची उंची मोजावयास जणूं एक पट्टी हवी होती! पुढें बांधकामाच्या श्रमांनीं मेलेल्या इंजिनियराचें नांव तो आदरानें नोंदवितो, रणांगणाबाहेरच्या असल्या शौर्याची कोणी दखल घेत नाहीं म्हणून हळहळतो. कुदळवाल्यांस मात्र नांव नाहीं. ज्या ग्रंथाचें शीर्षकच दीनदुबळ्यांचें, त्यांत ही उणीव आम्हांस बोचते.

कदाचित् ती फ्रेंच वाचकास बोचत नसेल. आमच्या देशांत मैला वाहण्याच्या कामावर १९९३ सालीं कायद्यानें बंदी आली, २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून माणसास गटारांत उतरविणें गुन्हा ठरलें. तरी माणसें उतरतात आणि गुदमरून मरतात. तीं कोणत्या जातींचीं असतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. असल्या देशांत ही प्रकरणें वाचतांना दृष्टि ब्रुनेसोवरून ढळते व त्या आठ जणांवर जाऊन थांबते. ह्यूगोला ते भ्याड वाटले असावेत. आम्हांस ते शहाणे वाटतात. माराच्या कफनाचें काय झालें, हें ह्यूगो सांगतो. त्या दिवशीं वर परत गेलेल्यांस अर्ध्या दिवसाची तरी मजुरी मिळाली कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं.