कवी निघून गेल्यावर

आमच्या शाळेत कवितेचे दोनच उपयोग होते : चाल लावून म्हणायची आणि परीक्षेत संदर्भासह स्पष्टीकरण लिहायचं. कविता आपणही लिहू शकतो, हे कुणी सांगितलं नाही. त्यामुळे केनेथ कोक यांचं ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ (१९७०) वाचताना मला आधी हेवाच वाटला.

कोक हे न्यूयॉर्कचे नावाजलेले कवी, कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे. १९६८ साली ते मॅनहॅटनमधल्या ‘पी. एस. ६१’ या सरकारी प्राथमिक शाळेत कविता शिकवायला गेले. पुस्तकाच्या सुरुवातीला या अनुभवावरचा त्यांचा मोठा लेख आहे आणि पुढे मुलांच्या कविता.

पहिल्या प्रयोगात सगळ्या वर्गाने मिळून एक कविता लिहायची होती. प्रत्येकाची एकच ओळ. ती ‘मला असं हवंय’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू व्हायला हवी; तिच्यात एक रंग, कॉमिक्समधलं एक पात्र आणि एखादं शहर किंवा देश हवा. मग कोकनी कागद गोळा केले, पत्त्यांसारखे पिसले आणि सलग एक कविता म्हणून वाचून दाखवले. यमक नको, स्पेलिंगची काळजी नको.

यातली हुशारी बघा. ‘काहीही लिहा’ म्हटलं की कोऱ्या कागदासमोर मूल गप्प होतं. नियम दिले की त्याचा खेळ होतो. शिवाय कागद पिसल्यावर कुणाची ओळ वाईट ठरली, हे कळतच नाही. चुकण्याची भीती तिथेच संपते. कोरा कागद किती छळतो, हे रोज लिहिणाऱ्याला ठाऊक असतं; कवीला वर्गात आणायचं ते यासाठी. या शाळेतल्या अनेक मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जाई. कोकनी कवितेत स्पॅनिश शब्द वापरण्याचाही एक पाठ ठेवला आणि घरची भाषा वर्गात कामाला आली.

पण पुढे पुढे वाचताना कंटाळाही येतो. ‘पूर्वी मी अमुक होतो, पण आता तमुक आहे’ या साच्यातल्या कवितांमागून कविता. मी कोड लिहितो, म्हणून ही खोड ओळखीची आहे : टेम्प्लेटने वेग येतो, पण सगळं एकसारखं दिसू लागतं. लिहिलेली ओळ खोडून पुन्हा लिहिणारं मूल या पुस्तकात क्वचितच भेटतं. खरा कवी तर आयुष्यभर तेच करत असतो. १९७३ च्या ‘रोज, व्हेअर डिड यू गेट दॅट रेड?’ मध्ये कोकनी ब्लेक, व्हिटमन अशा कवींच्या कविता मुलांसमोर ठेवल्या. मला ते पुढचं पाऊल वाटतं, कारण तिथे मुलांना साच्यासोबत दुसऱ्या कवीची संगतही मिळते.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. या पुस्तकात वर्गशिक्षिका फार अंधूक दिसतात. कवी येतो, वर्ग उजळतो, कवी जातो. कवीने माफ केलेलं स्पेलिंग उद्या शिकवायचं कुणी? बाईंनीच.

हा प्रश्न आता आपलाही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांनी निवासी कलाकार ठेवण्याचं उद्दिष्ट आहे. आपल्याकडे त्याचं काय होईल? शाल, श्रीफळ, एक भाषण, ग्रुपवर फोटो आणि सोमवारपासून चित्रकलेच्या तासाला पुन्हा गणित, ही भीती मला वाटते.

म्हणून कोक वाचावेत. त्यांचे पाठ इतके साधे आहेत की कवी नसलेल्या बाईंनाही ते घेता येतील. अट एकच : पाहुणा कवी तास घेत असताना बाईंनी स्टाफरूममध्ये जायचं नाही. वर्गातच बसायचं, आणि पिसायच्या कागदांत त्यांचीही एक ओळ हवी.