दोघांनीं पाहावयाचीं संगीत नाटकें

आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांचा विवाह नुकताच झाला. विदर्भांतील एका तालुक्याच्या गांवीं राहणारें हें जोडपें आतां चार-पांच दिवसांकरितां पुण्या-मुंबईस यावयाचें आहे. "काका, या मुक्कामांत दोन संगीत नाटकें पाहावीं असा विचार आहे, कोणतीं पाहावीं तें कळवा," असें पत्र चिरंजीवांनीं आम्हांस धाडलें. पत्राच्या तळाशीं सूनबाईंनीं स्वतःच्या हातानें एक ओळ जोडली आहे: "मला रागदारींतलें कांहीं कळत नाहीं, एवढें लक्षांत असूं द्यावें." उत्तर लिहावयास बसलों तों या एका ओळीनेंच आमची लेखणी अडविली, आणि अडली तें बरेंच झालें, असें आतां वाटतें.

कारण एरवीं आम्हीं काय लिहिलें असतें, हें आम्हांस ठाऊक आहे. कीर्तीच्या क्रमानें पांच-सहा नांवें लिहून मोकळे झालों असतों. परंतु नाटक थोर असणें निराळें, आणि अमुक दोघांनीं, अमुक वेळीं, शेजारीं शेजारीं बसून तें पाहणें निराळें. दोघांपैकीं एकानें डोळे मिटून माना डोलवाव्या आणि दुसऱ्यानें घड्याळाकडे पाहावें, असा प्रयोग नाटकाच्या दृष्टीनें कितीही रंगला तरी त्या दोघांच्या दृष्टीनें पडलाच म्हणावयाचा. म्हणून निवड करतांना आम्हीं दोन कसोट्या लावल्या. पहिली ही, कीं नाटकांतील पद कथेला पुढें नेतें कीं तिला थांबवून ठेवतें? आणि दुसरी ही, कीं नवराबायकोच्या नात्याविषयीं नाटक जें बोलतें, तें संसाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या दोघांनीं आजच ऐकावें असें आहे काय?

पहिल्या कसोटीला 'संगीत सौभद्र' उत्तम उतरतें. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें आणि १८८२ सालीं 'सौभद्र'. यांतील पात्रें महाभारतांतलीं खरीं, पण त्यांचें रुसणें-समजाविणें सारें आपल्या घरांतलें आहे. बलरामानें सुभद्रा दुर्योधनास द्यावयाचें ठरविलेलें, अर्जुन यतीच्या वेषांत दारीं आलेला, आणि कृष्ण सर्व सूत्रें हातीं ठेवून कानांवर हात ठेवणारा! येथें पात्रें गातात तीं बहुधा एकमेकांशीं बोलण्याकरितां. पुष्कळशा चाली साकी-दिंडीच्या, म्हणजे कीर्तनांतून कानांवरून गेलेल्या. ज्या सूनबाईंस राग ओळखतां येत नाहीं त्यांस साकी मात्र ओळखीची वाटेल, यांत आम्हांस संशय नाहीं.

'मानापमाना'ची गोष्ट याहून वेगळी. खाडिलकरांचें हें नाटक १९११ सालचें. गोविंदराव टेंब्यांनीं त्यास पूरब अंगाच्या चाली दिल्या आणि नाट्यसंगीताला नवें वळण लाविलें. बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं १९२१ सालीं केलेला 'संयुक्त मानापमान' तर आख्यायिकेसारखा सांगितला जातो. पण याच वैभवाची दुसरी बाजू अशी, कीं येथें गायनाकरितां कथेस पुष्कळदां तिष्ठत राहावें लागतें. धनाचा अभिमान धरणारी भामिनी आणि पराक्रमी पण निर्धन धैर्यधर यांचा सामना मुळांत मोठा चटकदार. परंतु पद रंगूं लागलें, 'वन्स मोअर' मिळाला, कीं भामिनी काय बोलणार होती हें प्रेक्षक विसरतो. जाणकारास हा स्वर्ग. नवख्यास मात्र ही परीक्षा होण्याचा संभव आहे. २०२५ सालीं या कथेवर चित्रपट निघाल्यामुळें चिरंजीवांस तिची ओढ असेल. तरी पहिल्याच फेरींत तें नको.

कोणी म्हणेल, मग 'कट्यार काळजात घुसली' त्याहूनही अवघड. आमचें मत उलट आहे. दारव्हेकरांच्या या १९६७ सालच्या नाटकांत गाणें हेंच भांडणाचें कारण आहे. पंडितजी व खांसाहेब यांचें वैर गायकीचें, सदाशिवाची तळमळ गायकीची. अभिषेकीबुवांचें संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचा खांसाहेब यांनीं तें गाजलें हें खरें. पण राग न ओळखणाऱ्यासही येथें कोण हरलें, कोण जिंकलें, आणि जिंकलेल्याला काय डांचतें आहे हें कळतें. गाणें जेथें स्वतःच घटना होतें, तेथें अजाण श्रोताही आपोआप जाणता होतो.

आतां दुसरी कसोटी. आणि येथें आमचा एका वडीलधाऱ्या मित्राशीं मतभेद झाला. त्यांचें म्हणणें, नवपरिणितांनीं 'एकच प्याला'च पाहावें. गडकऱ्यांच्या निधनानंतर, १९१९ सालीं, रंगभूमीवर आलेलें हें नाटक त्यांच्या मतें गृहस्थाश्रमाचा धडाच आहे. पुरुषानें व्यसनाचें भय घ्यावें, स्त्रीनें सिंधूचा आदर्श घ्यावा! नाटकाच्या सामर्थ्याविषयीं आमचें दुमत नाहीं. सुधाकराचा अधःपात इतक्या निष्ठुर क्रमानें दाखविणारें नाटक मराठींत विरळा. पण सिंधूचा आदर्श म्हणजे काय? दळण दळून घर चालवावयाचें, पोटचें पोर बापाच्या हातून गेलें तरी त्या बापास वांचविण्याकरितां खोटें बोलावयाचें, आणि अखेरीस प्राण सोडावयाचा. तिच्या दुःखानें रडूं यावें यासारखें स्वाभाविक कांहीं नाहीं. परंतु त्या दुःखाचा कित्ता गिरवावा असें नववधूस सांगणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. शोकांतिका पाहावयाची ती हादरण्यासाठीं; तिचा उपदेशपाठ करणें म्हणजे नाटक व प्रेक्षक दोघांवरही जुलूम करणें होय. या दोघांनीं हें नाटक जरूर पाहावें. पण चार-दोन वर्षें एकत्र काढल्यावर, जेव्हां सिंधूच्या मौनाविषयीं तीं एकमेकांशीं मोकळेपणीं वाद घालूं शकतील तेव्हां.

मित्र विचारते झाले, "मग तुम्ही काय दाखविणार? फार्स?" आम्ही म्हणालों, होय, फार्सच, पण देवलांचा. 'शारदे'चे कर्ते देवल यांनीं मर्फी या आयरिश नाटककाराच्या प्रहसनावरून १८९३ सालीं 'फाल्गुनराव' लिहिलें आणि १९१६ सालीं तेंच पदांसह 'संशयकल्लोळ' म्हणून अवतरलें. प्रमुख पात्रांस महिन्यांचीं व नक्षत्रांचीं नांवें देऊन देवलांनीं तें असें आपलेंसें केलें कीं मूळची परकी कुडी कोठें दिसत नाहीं. एका तसबिरीच्या घोटाळ्यावरून फाल्गुनराव बायकोचा संशय घेतो, कृत्तिका नवऱ्याचा घेते, आणि तिकडे अश्विनशेठ व रेवती यांचें जमलेलें प्रेमही त्याच वावटळींत सांपडतें. गंमत अशी कीं प्रत्येकाजवळ पुरावा आहे, आणि प्रत्येकाचा पुरावा खोटा आहे! येथें दोषाची वांटणी समान आहे. एकानें सोसावें आणि दुसऱ्यानें सुधारावें असा एकतर्फी व्यवहार नाहीं. एक शब्द सरळ विचारला असता तर नाटकच झालें नसतें, हें कळावयास कोणाच्या उपदेशाची गरज पडत नाहीं. संसारास निघालेल्या दोघांनीं हंसतां हंसतां एवढें घरीं नेलें तरी तिकिटाचे पैसे फिटले.

आणखी एक नांव आम्ही जोडतों. प्राजक्त देशमुखांचें २०१७ सालचें 'संगीत देवबाभळी'. तुकोबांची आवली आणि तिच्या घरीं लखूबाई होऊन आलेली रखुमाई, एवढीं दोनच पात्रें. जगाचा संसार सांभाळणाऱ्या पुरुषांच्या बायकांनीं एकमेकींजवळ मन मोकळें करावें, हा त्याचा विषय. सिंधू जें बोलली नाहीं तें आवली फटकळपणें बोलून दाखविते. आणि तिच्या रागांतही माया आटलेली नसते. जुन्या परंपरेच्या झाडास अजून पालवी फुटते, हें पाहावयाचें तर याचा प्रयोग जेव्हां मिळेल तेव्हां सोडूं नये.

एक व्यवहाराची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. संगीत नाटकांचा तो जुना काळ, जेव्हां रात्रीं वाजलेली पहिली घंटा पहांटेपर्यंत प्रेक्षकांस बांधून ठेवी, तो आतां राहिला नाहीं. प्रयोग आटोपशीर झाले आहेत, आणि विरळही. पुण्याचें बालगंधर्व रंगमंदिर काय किंवा दादरचें शिवाजी मंदिर काय, आपल्या मुक्कामांत हवें तेंच नाटक तेथें लागलेलें असेल असें नाहीं. म्हणून आधीं जाहिराती पाहाव्या आणि प्रवासाचे दिवस त्यांप्रमाणें बेतावे. नाटक प्रवासांत बसवूं नये, प्रवास नाटकाभोंवतीं बसवावा.

तेव्हां पत्राचें उत्तर आम्हीं असें लिहिलें आहे: पहिलें 'संशयकल्लोळ', दुसरें 'सौभद्र', यांपैकीं एखादें न लागल्यास 'कट्यार' किंवा 'देवबाभळी'. खालीं सूनबाईंकरितां एक ओळ निराळी जोडली आहे: "राग कळत नाहीं याचा संकोच नको. पद चालूं असतांना तें कोण, कोणाला, कशासाठीं म्हणतो आहे एवढेंच पाहावें. तेवढें कळलें नाहीं तर चूक तुमची नव्हे, नाटकाची समजावी."