नाइटपदाचा विधी आणि शपथेचे सत्य
१९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे उदयास आलेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ या संस्थेचा नाइटपद-प्रदानविधी केवळ सोंग म्हणून बाजूस सारणे युक्त नव्हे. वेताच्या शस्त्रांनी झुंजून सिंहासन मिळविलेला राजा गुडघे टेकलेल्या वीराच्या खांद्यास तलवार लावतो. पांढरा पट्टा, साखळी व टाचेच्या आरा त्यास लाभतात. साखळी ही राजनिष्ठेच्या शपथेची खूण होय. ज्यास ती शपथ घेणे मान्य नसते, त्यास ‘मास्टर-अ‍ॅट-आर्म्स’ हे समान दर्जाचे पद मिळते. शपथ निव्वळ नाटकी असती, तर ती नाकारण्याची सोय कशास हवी होती? जहागीर व वंश यांवाचून उरलेला हा मान शब्दाच्या खरेपणावरच उभा आहे. विधीचे मर्म तेथेच शोधावयास हवे.